अकरा वर्षांचा सीपीयू आणि नऊ हजार तीस रुपये

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे आणि रहिवासाचे दाखले, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, पीएम-किसानची ई-केवायसी आणि मधल्या वेळात लग्नपत्रिकांचे टायपिंग, एवढे सारे काम २०१४ मध्ये असेंबल करून घेतलेल्या एकाच डेस्कटॉपवर चालते. मे २०२५ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुरुस्तीच्या दुकानातून मी या डेस्कटॉपचे बरेचसे भाग बदलून घेतले. त्यानंतर जून-जुलैचा दाखल्यांचा हंगाम झाला, पावसाळा गेला, आणि आता वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणीही आटोपली आहे. बसवलेले भाग आणि ते बसवणारे दुकान, या दोन्हींविषयी खात्रीने काही लिहिण्याइतका काळ मध्ये गेला आहे.

मूळ मशीन त्या काळी गावोगावी दिसणाऱ्या मशीनसारखेच होते. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबतच आलेला, ‘४५० वॅट’ असे स्टिकर लावलेला साधा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. सुरुवातीला विंडोज ७ होते, पुढे त्यावर विंडोज १० टाकले. अलीकडे सकाळी बटण दाबल्यापासून पहिला अर्ज उघडेपर्यंत चार मिनिटांहून अधिक वेळ जाऊ लागला होता. ब्राउझरमध्ये पोर्टल, ओटीपीचा ईमेल आणि स्कॅन केलेली पीडीएफ एकाच वेळी उघडली की माउसचा बाण जागच्या जागी थिजत असे. समोर बसलेले म्हातारबा मग माझ्याकडे अशा नजरेने पाहत की जणू त्यांचा दाखला मीच अडवून ठेवला आहे. नव्या मशीनचा भाव काढला तेव्हा मॉनिटर आणि प्रिंटर सोडूनही तो ३४,००० रुपयांवर गेला. त्या वर्षी सोयाबीनने दिलेला दगा पाहता तो विचार तिथेच थांबला.

दुकानात जाण्यापूर्वी मी स्वतः केलेली एक चूक आधी सांगतो, कारण जुने मशीन सुधारायला निघालेले पुष्कळ लोक त्याच खड्ड्यात पडतात. मी ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ रॅमची एक पट्टी मागवली. भाव इतर पट्ट्यांच्या जवळजवळ निम्मा होता आणि वेग १६०० म्हणजे माझ्या बोर्डाला चालणाराच होता. पट्टी खाचेत व्यवस्थित बसली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक्कन लागल्या, पण मशीन सुरू केल्यावर डिस्प्ले आला नाही, नुसत्या बीप वाजत राहिल्या. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने घासून पाहिले, खाच बदलून पाहिली, जुनी पट्टी काढून एकटी लावून पाहिली, फरक शून्य. नंतर त्या विक्रीच्या पानावर अगदी तळाशी बारीक अक्षरात ‘फक्त एएमडी मदरबोर्डसाठी’ असे लिहिलेले सापडले. अशा स्वस्त पट्ट्यांवर जास्त घनतेच्या, वेगळ्या मांडणीच्या चिप असतात आणि इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला त्या ओळखता येत नाहीत. पट्टी खराब नव्हती, ती माझ्या बोर्डासाठी नव्हती. विक्रेत्याने वस्तू परत घेतली नाही. ती पट्टी आजही टेबलाच्या खणात आहे.

या अनुभवामुळे तालुक्याच्या दुकानात मी थोडा सावध होऊनच गेलो. बसस्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेली ही दहा बाय बाराची खोली आहे. चालवणारा मुलगा पंचविशीतला असेल. रॅम आणि एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी लावायची, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) टाकून किती लागतील, असे मी उभ्या उभ्याच विचारले. तो म्हणाला, “काका, पयले डब्बा उघडू द्या, मंग भाव सांगतो.” मला हे दुकान आवडायला इथूनच सुरुवात झाली. याआधी ज्या दोन ठिकाणी मी फोनवर चौकशी केली होती, तिथे मशीन न पाहताच मला आकडा ऐकवण्यात आला होता.

त्याने बाजूचे झाकण काढले आणि आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. माझे केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि कापूस घरात आला की भाव वाढेपर्यंत तो याच खोलीच्या मागल्या भिंतीला लागून पडलेला असतो. अकरा हंगामांचे तंतू पंख्याने आत ओढून घेतले होते. प्रोसेसरवरचा पंखा काढल्यावर खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या दिसल्याच नाहीत. त्यांच्यावर धूळ आणि कापूस मिळून झालेली, गादीतून काढल्यासारखी राखाडी चकती बसली होती, आणि ती त्याने चिमट्याने एका तुकड्यात उचलली. तिची जाडी माझ्या करंगळीएवढी भरली. खाली प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. झाकण उघडण्यापूर्वी त्याने तापमान पाहिले होते. मशीनवर काहीही काम चालू नसताना ते ७१ अंश होते आणि ब्राउझरमध्ये चार पाने उघडताच ९४ वर गेले. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिच्या जवळ पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे मे महिन्यात, बाहेर पारा ४४ च्या पुढे असताना, माझे मशीन थकलेले नव्हते, ते गुदमरले होते. मी खोलीतला कूलर थेट सीपीयूच्या दिशेने लावत असे, जेणेकरून त्याला गार वारा मिळेल. त्यावर तो मुलगा हसला आणि त्या कूलरची ओल बोर्डावर जाऊन काय करते, हे दाखवण्यासाठी त्याने पोर्टांजवळ चढलेला हिरवट गंज मला मोबाइलच्या उजेडात दाखवला. कूलरचे तोंड आता माणसांकडे असते.

ब्लोअर मारून झाल्यावर त्याने बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक वहीत लिहून घेतला, बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची, आवृत्ती पाहिली आणि मग कंपनीच्या संकेतस्थळावरची त्या बोर्डाला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी उघडली. या अर्ध्या तासाचे त्याने पैसे घेतले नाहीत, पण माझ्या मते या सबंध कामातील सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच होता. मी ऐकीव माहितीवर मागितलेल्या तीन गोष्टी त्याने नाकारल्या. एक म्हणजे एनव्हीएमई, अर्थात थेट बोर्डाच्या खाचेत बसणारी आणखी वेगवान एसएसडी. माझ्या बोर्डावर तिची खाचच नाही. ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत जोडकार्ड लावून ती बसवता येते, पण त्या काळचा बायोस अशा डिस्कवरून विंडोज सुरू करू शकत नाही. दुसरी म्हणजे डीडीआर४ रॅम. तिची खाच वेगळ्या जागी असते, पिना २४० ऐवजी २८८ असतात, त्यामुळे ती लावण्याचा प्रश्नच नव्हता. तिसरी गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. मी आय५-४५९० प्रोसेसर मागितला होता. तो चौथ्याच पिढीचा आणि त्याच १,१५० पिनांच्या सॉकेटचा आहे, पण तो २०१४ च्या सुधारित मालिकेतला आहे, आणि त्याआधीच्या बायोसवर चालणारे बरेच एच८१ बोर्ड त्याला ओळखत नाहीत. बायोस अपडेट करता आला असता, परंतु अपडेट चालू असताना लाइन गेली तर बोर्ड कायमचा जाण्याची भीती असते. आमच्याकडे मे महिन्यात लाइन कधी जाईल हे महावितरणलाही सांगता येत नाही. म्हणून त्याने २०१३ चाच आय५-४५७० सुचवला. वेगात दोघांत नावापुरता फरक आहे, आणि हा जुन्या बायोसवर निमूटपणे चालतो.

नवा भाग लावण्याआधी त्याने जुन्या हार्ड डिस्कची तब्येत तपासली. प्रोग्रामने पिवळा रंग दाखवला; डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे कप्पे, निकामी होऊन त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरात आले होते. हे कळल्यावर कामाचा क्रम बदलला आणि आधी सगळा डेटा बाहेर काढायचे ठरले. त्या डिस्कवर गावातल्या शेकडो लोकांच्या आधार कार्डांचे आणि पासबुकांचे स्कॅन होते, म्हणून कॉपी होईपर्यंत मी तिथून हललो नाही आणि डिस्क दुकानात सोडली नाही. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी लोकांनी ती कागदपत्रे आपल्या भरवशावर दिलेली असतात. त्या मुलाला माझ्या बसण्याचे वाईट वाटले नाही. त्याने चहा मागवला.

विंडोज नव्याने टाकावे लागण्याचे कारण रॅममध्ये होते. माझ्या मशीनवर इतकी वर्षे ३२ बिटांचे विंडोज होते, आणि ते ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही. माझ्याकडे त्यातलीही जेमतेम ३.४ जीबी हाती येत होती. १६ जीबी टाकून तेच विंडोज ठेवले असते, तर बारा जीबी रॅम नुसती शोभेला राहिली असती. ३२ बिटांवरून ६४ बिटांवर जाण्यासाठी मशीन नव्यानेच फॉरमॅट मारावे लागते. विंडोजचा परवाना मात्र पुन्हा विकत घ्यावा लागला नाही, कारण तो मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेला असतो आणि बोर्ड तोच होता. ड्रायव्हरही सगळे ६४ बिटांचे शोधावे लागले. माझा कॅनन एलबीपी २९०० प्रिंटर या मशीनहूनही जुना आहे आणि त्याच्याविषयी मला सर्वांत जास्त धास्ती होती, पण त्याचा ६४ बिटांचा ड्रायव्हर मिळाला आणि तो पहिल्याच पानाला चालला. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राला आधारशी जोडणारा ‘आरडी सर्व्हिस’ हा प्रोग्राम नव्याने टाकला. कृतिदेव आणि शिवाजी या टंकांचा फोल्डर मी स्वतः आठवणीने पेन ड्राइव्हवर घेतला होता, अन्यथा जुन्या लग्नपत्रिकांच्या फायली उघडल्यावर वधूवरांच्या नावांच्या जागी नुसती चिन्हे दिसली असती.

एसएसडी म्हणून क्रुशियलची बीएक्स५०० ही ४८० जीबीची, हार्ड डिस्कसारखीच साटा केबलने जोडायची अडीच इंची डिस्क घेतली. ती बाजारातली सर्वांत वेगवान नाही आणि तिला स्वतंत्र डीरॅम, म्हणजे स्वतःची तात्पुरती मेमरी, नाही, त्यामुळे मोठ्या फायली सलग लिहीत गेल्यास तिचा वेग मध्येच घसरतो. पण अर्ज, पीडीएफ आणि फोटो एवढ्याच कामाला ती गरजेपेक्षा जास्तच आहे, आणि तीन वर्षांची वॉरंटी आहे. ती बसवताना त्या मुलाने केलेली एक बारीकशी गोष्ट मी विसरणार नाही. एच८१ बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, त्यातील दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. माझ्या जुन्या डिस्कची केबल अकरा वर्षे ३ गिगाबिटच्या पोर्टात होती. हार्ड डिस्कला त्याने काही बिघडत नव्हते, कारण ती त्या वेगाच्या निम्म्यानेही धावत नव्हती. एसएसडी तिथेच लावली असती तर तिचा वेग अर्ध्यावर आला असता आणि मला ते कधी कळलेही नसते. त्याने बोर्डावरची बारीक अक्षरे वाचून केबल शेजारच्या पोर्टात सरकवली.

रॅम ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही वाहिन्या एकत्र चालतात. हा बोर्ड याहून जास्त रॅम घेत नाही. प्रोसेसर वापरलेला आहे. तो आधीच्या प्रोसेसरपेक्षा जास्त तापणारा, ५४ ऐवजी ८४ वॅटचा असल्यामुळे त्याच्यासोबत प्रोसेसरवर बसणारा, जड पात्यांचा वापरलेला कूलरही दिला. बोर्डावरचा तीन व्होल्टचा गोल सेल संपत आला होता आणि घड्याळ दर आठवड्याला मागे पडत होते; घड्याळ चुकले की सरकारी पोर्टल उघडतच नाही. तीस रुपयांचा सेल बदलल्यावर तो प्रश्न मिटला.

एसएमपीएस बदलायची माझी तयारी नव्हती. चालू आहे तर दोन हजार कशाला घालायचे, असे मी स्पष्ट म्हटले. त्यावर त्याने वाद न घालता मल्टिमीटर लावला. १२ व्होल्टच्या तारेवर मशीन नुसते चालू असताना ११.६ आणि काम चालू असताना ११.२ भरले. या तारेवर पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे ११.४ च्या खाली ती जायला नको. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे आणि मोटारी सुरू झाल्या की आमचा व्होल्टेज आणखी पडतो आणि मशीन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होते, हे मी इतकी वर्षे ‘व्हायरस’ समजत होतो. नवा एसएमपीएस वीज कमी वाया घालवणाऱ्या ‘८० प्लस ब्राँझ’ दर्जाचा, खऱ्याखुऱ्या ४५० वॅटचा आहे आणि हातात घेतल्यावरच जुन्याच्या दुप्पट जड लागतो. माझा ६०० व्हीएचा यूपीएस मी सोबत नेला होता. सगळे जोडून झाल्यावर त्याने यूपीएसचा प्लग भिंतीतून तीनदा ओढून काढला. काही स्वस्त यूपीएसवर नव्या पद्धतीचे एसएमपीएस लाइन जाण्याच्या क्षणी बंद पडतात, म्हणून ही परीक्षा. तिन्ही वेळा मशीन चालू राहिले.

खर्च असा आला. एसएसडीचे २,९००, रॅमचे १,८००, प्रोसेसर आणि त्याचा कूलर मिळून १,७००, एसएमपीएसचे २,१००, सेलचे ३० आणि मजुरीचे ५००, असे एकूण ९,०३० रुपये. जुना आय३ त्याने ३०० रुपयांत परत घ्यायची तयारी दाखवली, पण मी तो ठेवून घेतला.

आता तक्रारी. काम एका दिवसाचे सांगितले होते, लागले तीन दिवस. पैकी एक दिवस लाइन नव्हती, हे मान्य, पण उरलेला एक दिवस तो एका शाळेच्या कामाला गेला आणि मला फोन केला नाही. बिल आधी कोऱ्या चिठ्ठीवर दिले. छापील बिल मी मागितल्यावर मिळाले, आणि ते नसते तर एसएसडीच्या वॉरंटीचा काही उपयोग नव्हता. वापरलेल्या प्रोसेसरला फक्त सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी होती, आणि हे त्याने पैसे घेताना सांगितले, आधी नाही. सर्वांत त्रासाची गोष्ट म्हणजे कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टांची तार बोर्डाला लावायची तो विसरला. ठशांचे यंत्र मी नेहमी पुढच्याच पोर्टात लावतो. घरी येऊन पाहतो तर ते ओळखलेच जाईना. ई-केवायसीसाठी त्या दिवशी आलेल्या सात-आठ बायाबापड्यांना परत जावे लागले आणि मला मशीन घेऊन पुन्हा अठरा किलोमीटर जावे लागले. मागच्या पोर्टात लावून पाहण्याचे मला सुचले नाही, हा माझाही दोष. त्याने तार लावून दिली, दिलगिरी व्यक्त केली आणि भाड्याचे पैसे देऊ केले; मी ते घेतले नाहीत.

सहा महिन्यांच्या वापरानंतर सांगायचे तर, बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत २५ सेकंद लागतात. पंधरा-सोळा पाने उघडी ठेवून दाखल्यांचे काम होते आणि ऑक्टोबरच्या उन्हातही तापमान ७० च्या वर गेलेले दिसले नाही. आपोआप बंद पडणे पूर्णपणे थांबले आहे. पोर्टलचा सर्व्हर बसलेला असेल तर मात्र एसएसडी काहीही करू शकत नाही. जून महिन्यात नॉन-क्रिमिलेअरच्या गर्दीत मी नव्या मशीनसमोर जुन्याइतकाच वेळ गोल फिरणारे चक्र पाहत बसलो होतो. या खर्चातला मोठा वाटा माझ्या मते एसएसडी, साफसफाई आणि एसएमपीएस यांनी वसूल करून दिला. प्रोसेसर बदलला नसता तरी माझे काम अडले नसते, त्यामुळे ज्यांना काटकसर करायची आहे त्यांनी तो शेवटी ठेवावा.

एक मर्यादा या सगळ्याला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट देणे बंद केले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा बोर्ड त्यात बसत नाही. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे आहेत, पण लोकांचे ठसे घेणाऱ्या मशीनवर मला तो प्रयोग करायचा नाही. मी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे आणि ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील. पुढे बोर्ड बदलावाच लागेल. खर्च करताना मी हाच हिशोब मनात धरला होता. एसएसडी आणि एसएमपीएस मिळून ५,००० रुपये नव्या मशीनमध्ये जसेच्या तसे जातील; रॅम आणि प्रोसेसरचे ३,५०० मात्र या बोर्डासोबतच संपतील. एवढ्या पैशांत अडीच हंगाम निघाले तरी मला ते चालण्यासारखे आहे.

मागच्या आठवड्यात पहिल्या वेचणीचा सात क्विंटल कापूस घरात आला. या वेळी कॅबिनेटच्या हवेच्या जाळीवर मी आतून मच्छरदाणीचा एक तुकडा चिकटवला होता, हीसुद्धा त्या मुलाचीच सूचना. काल झाकण काढून पाहिले. पंख्याच्या पात्या स्वच्छ होत्या, आणि मच्छरदाणीवर पांढऱ्या तंतूंचा पातळ थर अडकला होता. तो मी बोटाने पुसून घेतला.